साडेचारशे घोडे आणि कागदभर रबर

डेट्रॉइटजवळ राहणाऱ्या एका मित्राचा ऑक्टोबरात फोन आला. बरीच वर्षं मनात असलेली गाडी त्याने अखेर घेतली होती. दोन दारांची, साडेचारशे अश्वशक्तीची, इंजिनाचा सगळा जोर मागच्या चाकांवर. तक्रार एकच होती. "ॲक्सिलरेटर जरा दाबला की मागची चाकं जागच्या जागी फिरतात रे. सगळ्यात जास्त ग्रिपचा टायर कोणता ते सांग. पैशांचा विचार करू नकोस."

मी त्याला उलट तीन प्रश्न विचारले. गाडी कोणत्या महिन्यांत चालवणार? पावसात बाहेर काढणार का? रेसट्रॅकवर नेणार का? त्याला वाटलं, मी टाळतोय. "ग्रिप ती ग्रिप! जास्त असली की सगळीकडेच जास्त," म्हणाला, आणि ट्रॅकवर वापरतात तसले महागडे टायर बसवून मोकळा झाला.

नोव्हेंबरातल्या एका सकाळी, पारा ३ अंश सेल्सिअसवर असताना, घरून निघून दहा मिनिटंही झाली नव्हती. फ्रीवेच्या वळणदार रॅम्पवर त्याने थोडा वेग वाढवला आणि गाडी स्वतःभोवती फिरून उलट्या तोंडाने कठड्यापाशी थांबली. रस्ता कोरडा होता. वेग होता ताशी ५५ किलोमीटरच्या आसपास. मागून कोणी येत नव्हतं, म्हणून आज ही गोष्ट हसत सांगता येते.

"ग्रिप ती ग्रिप" हे त्याचं वाक्य कुठे चुकलं, ते या लेखात पाहू. तुमच्याकडे अशी गाडी असेल किंवा घ्यायचा विचार असेल, तर टायर निवडण्याआधी हे समजून घेणं फायद्याचं आहे. साधी गाडी चालवत असाल तरी यातलं बरंचसं तुम्हालाही लागू पडतं.

गाडी नक्की कशावर उभी असते?

१,७०० किलो वजनाची गाडी घ्या. प्रत्येक चाकावर साधारण ४२५ किलो भार आला. टायरमध्ये हवेचा दाब ३३ पीएसआय आहे. हा भार ढोबळमानाने ती हवाच पेलते, म्हणून भाराला दाबाने भागलं की टायरचा रस्त्याला टेकलेला भाग किती मोठा ते कळतं. उत्तर येतं १८० चौरस सेंटीमीटर, म्हणजे पोस्टकार्डाच्या दीडपटीहून थोडं कमी. चारही टायर मिळून सव्वासातशे चौरस सेंटीमीटर. प्रिंटरमधला ए-फोर कागद यापेक्षा जेमतेम थोडा लहान असतो.

वेग वाढवणं, ब्रेक मारणं, वळणं, हे सगळं याच कागदभर जागेतून होतं. इंजिन कितीही मोठं असो, त्याचा जोर रस्त्यापर्यंत पोहोचण्याचा दुसरा मार्ग नाही.

जोर इंजिनाचा, परवानगी टायरची

टायर किती बल पेलू शकतो, ते घर्षणांकावरून कळतं. चाकावरच्या भाराला घर्षणांकाने गुणलं की टायरची मर्यादा मिळते. चांगल्या उन्हाळी टायरचा घर्षणांक कोरड्या, उबदार डांबरावर १ च्या आसपास असतो. ओल्या रस्त्यावर तो बराच खाली येतो आणि बर्फावर अगदीच थोडा उरतो.

आता मित्राच्या गाडीचा हिशोब करू. वेग वाढताना वजन मागे सरकतं, त्यामुळे मागच्या दोन चाकांवर गाडीचा साधारण ५७ टक्के भार येतो. घर्षणांक १ धरला, तर ही चाकं जास्तीत जास्त ९,६०० न्यूटन बलाने गाडी ढकलू शकतात. इंजिनाची शक्ती वाटेतली घट सोडून २८५ किलोवॅट धरू. शक्तीला बलाने भागलं की वेग मिळतो, तो येतो ताशी १०७ किलोमीटर. याचा अर्थ असा, की योग्य गिअरमध्ये असताना ताशी शंभर किलोमीटरपर्यंत हे इंजिन कोरड्या रस्त्यावरही टायरला हरवू शकतं. त्या वेगापर्यंत आणखी शंभर घोडे जोडून काही हाती लागत नाही, फक्त धूर जास्त निघतो. घर्षणांक ०.४ वर आला, तर कागदावर हीच मर्यादा ताशी ३०० किलोमीटरपर्यंत जाते. म्हणजे गार, ओल्या रस्त्यावर उजवा पाय जरा चुकला, तर कायद्यात बसणाऱ्या कुठल्याही वेगाला मागची चाकं सुटू शकतात.

थांबण्याचा हिशोब तर जास्तच महत्त्वाचा आहे. ताशी १०० किलोमीटर वेगावरून थांबायला घर्षणांक १ असेल तर ३९ मीटर लागतात, आणि ०.७ असेल तर ५६ मीटर. फरक सतरा मीटरचाच वाटतो. पण दोन गाड्या शेजारी शेजारी ब्रेक मारत आहेत अशी कल्पना करा. पहिली गाडी जिथे पूर्ण थांबते, तिथे दुसरी अजून ताशी ५५ किलोमीटर वेगाने जात असते. रस्ता ओलांडणारं माणूस बरोबर त्या जागी असेल, तर त्या सतरा मीटरांचा अर्थ वेगळा सांगायला नको.

आणखी एक गोष्ट. टायरची पकड ही महिन्याच्या पगारासारखी असते. एकदाच मिळते आणि त्यातच सगळे खर्च भागवायचे असतात. वळण्यात ८० टक्के पकड खर्च झाली, तर ब्रेकसाठी किंवा वेग वाढवण्यासाठी ६० टक्केच उरते. हा हिशोब साध्या वजाबाकीचा नाही. ही दोन बलं एकमेकांना काटकोनात असतात, म्हणून इथे पायथागोरस लागतो. वळणातच सगळी पकड वापरली, तर बाकी शून्य. मित्राचं रॅम्पवर नेमकं हेच झालं. पगार आधीच कमी झालेला होता, वळणाने त्यातला बराचसा खाल्ला, आणि उरलेल्यापेक्षा जास्त त्याच्या उजव्या पायाने मागितलं.

रबर शाळेतले नियम पाळत नाही

शाळेत आपण शिकलो, की घर्षण स्पर्श करणाऱ्या पृष्ठभागाच्या आकारावर अवलंबून नसतं आणि घर्षणांक ठरलेला असतो. लाकूड आणि लोखंडासाठी हे बऱ्यापैकी खरं आहे. रबर मात्र हे नियम जुमानत नाही, कारण ते मऊ असतं आणि त्याचं वागणं वेळेवर आणि तापमानावर ठरतं.

रबर रस्ता दोन प्रकारे धरतं. पहिला प्रकार चिकटण्याचा. रबराचे रेणू रस्त्याच्या पृष्ठभागाला क्षणभर चिकटतात, ताणले जातात, सुटतात आणि पुढे पुन्हा चिकटतात. यासाठी रस्ता स्वच्छ आणि कोरडा लागतो. दुसरा प्रकार रुतण्याचा. डांबरातल्या खडीच्या बारीक टोकांवर रबर दाबलं जातं, त्यांच्याभोवती बसतं. टोक पुढे सरकलं तरी रबर लगेच मूळ आकारात येत नाही. त्यामुळे टोकाच्या एका बाजूने रबर जास्त रेटतं, दुसऱ्या बाजूने कमी, आणि हा फरक म्हणजे पकड. दोन चेंडू घ्या. एक टप्पा पडला की उसळतो, दुसरा थप्पकन पडून राहतो. टायरच्या रबरात हा दुसऱ्या चेंडूचा गुण हवा असतो, म्हणजे दाबाची ऊर्जा परत न देता उष्णतेच्या रूपात जिरवण्याचा. रस्ता ओला झाला की चिकटणं बरंचसं संपतं आणि भिस्त रुतण्यावर येते.

१९६३ मध्ये ग्रॉश या संशोधकाने रबराचं घर्षण वेगवेगळ्या वेगांना आणि तापमानांना मोजलं. वेग वाढवणं आणि तापमान कमी करणं यांचा रबरावर सारखाच परिणाम होतो, हे त्यातून स्पष्ट झालं. हे जरा विचित्र वाटतं, पण आपल्या स्वयंपाकघरात त्याचा दाखला सापडतो.

चिक्की करताना गुळाचा पाक आठवा. कढईत तो वाहता असतो. पूर्ण थंड झाला की कडक होतो आणि टक्कन मोडतो. त्या वेळी तो खरोखर एक प्रकारची काच असतो. मधल्या कोमट अवस्थेत मात्र त्याचं वागणं तुम्ही किती घाई करता यावर ठरतं. हळू ओढला तर तार निघते, झटका दिला तर तुटतो. झटका दिला म्हणजे जणू तुम्ही त्याला अचानक थंड केलंत.

रबराचंही एक काचसंक्रमण तापमान असतं. त्याच्या खाली रबर काचेसारखं कडक होतं. सावकाश मोजलं तर हे तापमान शून्याच्या खाली असतं, म्हणून नोव्हेंबरात काळजीचं कारण नाही असं वाटेल. पण टायर घसरायला लागतो तेव्हा खडीची सूक्ष्म टोकं रबराला सेकंदाला हजारो ते लाखो वेळा ठोसे मारतात. इतक्या घाईत रबराला आपण आहोत त्यापेक्षा खूप थंड आहोत असं 'वाटतं'. त्यामुळे ३ अंशांवरही ते खडीत रुतायला तयार नसतं, वरवर सरकून जातं.

प्रत्येक टायरला स्वतःचा ऋतू

आता मित्राचं गणित सुटतं. ट्रॅकच्या टायरचं रबर खूप गरम झाल्यावर उत्तम पकड देईल असं बनवलेलं असतं. फॉर्म्युला वनमध्ये चाकं गाडीला लावण्याआधी इलेक्ट्रिक पांघरुणात गुंडाळून तापवतात, ते याचसाठी. जे रबर ८०-९० अंशांना जीव तोडून रस्ता धरतं, तेच ३ अंशांना प्लास्टिकच्या बादलीसारखं वागतं. 'सगळ्यात जास्त ग्रिप' हा टायरचा कायमचा गुण नाही. टायर, तापमान आणि रस्ता हे तिघं मिळून पकड ठरवतात.

उन्हाळी टायर ७ अंश सेल्सिअसच्या खाली वापरू नयेत असं टायर कंपन्या स्वतःच सांगतात. काही टायरच्या बाबतीत आणखी कडक इशारा असतो. उणे ७ अंशांखाली गाडी नुसती हलवली तरी रबराला तडे जाऊ शकतात. उलट, हिवाळी टायरचं रबर थंडीत मऊ राहतं, पण जुलैच्या उन्हात ते फार मऊ पडतं. गाडी डुलते, थांबायला जास्त अंतर लागतं आणि टायर झपाट्याने झिजतो.

आपण वाढलो तिथे टायरला ऋतू नव्हते. पुण्यात पारा दहाच्या खाली गेला की वर्तमानपत्रात बातमी येते, आणि टायर बदलायचा तो गोटा झाल्यावरच. इकडे येऊन बर्फाची भीती आपल्याला लगेच कळते. कोरड्या थंडीची कळत नाही, कारण रस्ता अगदी नेहमीसारखा दिसत असतो.

पाणी आलं की

डांबरावर तेलाचा आणि रबराच्या भुकटीचा थर साचलेला असतो. पहिल्या सरीने त्याचं बुळबुळीत मिश्रण होतं. जूनमध्ये पहिल्या पावसात दुचाकी कशा घसरतात ते पाहिलेल्यांना हे वेगळं सांगायला नको. पाऊस जोराचा झाला की हा थर वाहून जातो, पण मग दुसरा धोका येतो. टायर पाणी बाजूला सारू शकला नाही, तर तो पाण्यावर तरंगू लागतो.

नासाच्या वॉल्टर हॉर्न यांनी विमानांच्या टायरवर केलेल्या कामातून १९६३ मध्ये एक सोपं सूत्र पुढे आलं. टायरमधल्या पीएसआय दाबाचं वर्गमूळ काढा आणि १०.३५ ने गुणा. मिळेल तो ताशी मैलांमधला तरंगण्याचा वेग. ३६ पीएसआयला तो येतो ६२ मैल, म्हणजे १०० किलोमीटर. मोटारीच्या बाबतीत नक्षीची खोली, टायरची रुंदी आणि पाण्याची खोली यांनी हा आकडा खालीवर होतो, पण अंदाज यायला पुरेसा आहे. दाब कमी तर तरंगण्याचा वेगही कमी, हेही यातून कळतं.

रुंद टायरची गंमत इथेच आहे. रुंद टायर घेतला म्हणून जमिनीला टेकलेली जागा फारशी वाढत नाही, कारण भार आणि दाब तेच आहेत. आकार बदलतो, लांबट ऐवजी आडवा होतो. त्याने वळणावर पकड सुधारते, उष्णता जास्त रबरात वाटली जाते आणि मऊ रबर वापरणं परवडतं. पण त्याच रुंदीमुळे समोर जास्त पाणी येतं आणि ते सारायला वेळ कमी मिळतो. ट्रॅकच्या टायरवर खाचा मुळातच कमी असतात. कोरड्यात तो फायदा आहे, मुसळधार पावसात संकट.

टायरवरची बाराखडी

अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या टायरच्या बाजूवर तीन श्रेणी छापलेल्या असतात. हिवाळी टायरला यातून सूट आहे.

*ट्रेडवेअर* हा आकडा झिजेचा. टेक्सासमधल्या ६४० किलोमीटरच्या ठरलेल्या मार्गावर टायर ७,२०० मैल चालवून प्रमाण टायरशी तुलना करतात. १०० म्हणजे प्रमाण टायर, ३०० म्हणजे त्याच्या तिप्पट टिकण्याची अपेक्षा. कमी आकडा म्हणजे सहसा मऊ आणि जास्त पकडीचं रबर. पण श्रेणी कंपनीच ठरवते, म्हणून दोन कंपन्यांचे आकडे काटेकोरपणे ताडून पाहू नका.

*ट्रॅक्शन* ही अक्षरं एए, ए, बी, सी अशी उतरत्या क्रमाने असतात. नावावरून हीच खरी ग्रिप वाटते, पण चाचणी फक्त एक असते. ओल्या रस्त्यावर, सरळ रेषेत, ताशी ४० मैल वेगाने, चाक पूर्ण जखडून. वळण, कोरडा रस्ता, थंडी, तरंगणं, यांतलं काहीच त्यात येत नाही.

*टेंपरेचर* ही श्रेणी टायर उष्णता किती सहन करतो ते सांगते. थंडीशी तिचा संबंध नाही.

याशिवाय मापाच्या शेवटी डब्ल्यू, वाय अशी वेगश्रेणी असते. वाय म्हणजे ताशी ३०० किलोमीटरपर्यंत सुरक्षित. ती टिकावाची श्रेणी आहे, पकडीची नव्हे. बर्फासाठी पाहायचं ते तीन शिखरांच्या डोंगरातलं हिमकणाचं चिन्ह. नुसतं 'एम प्लस एस' पुरेसं नाही, कारण त्यासाठी बर्फावरच्या पकडीची चाचणी लागत नाही.

युरोपात राहत असाल, तर लेबलवरची ओल्या रस्त्याची श्रेणी ए ते ई अशी मिळते. दोन टायरांत निवड करताना ती नक्की पाहा.

मग घ्यायचा कोणता?

गाडी रोजच्या वापराची आणि हिवाळा कडक असेल, तर चाकांचे दोन संच ठेवा. एप्रिल ते ऑक्टोबर उच्च क्षमतेचे उन्हाळी टायर, बाकी वेळ हिवाळी. उन्हाळी गटातलं ओळखीचं उदाहरण म्हणजे मिशेलिन पायलट स्पोर्ट ४एस. त्याचा ट्रेडवेअर ३००, ट्रॅक्शन एए. कोरड्यात भरपूर पकड आणि पावसातही भरवशाचा, म्हणून रस्त्यावरच्या बहुतेक ताकदवान गाड्यांना हा गट पुरून उरतो.

हिवाळा सौम्य असेल आणि दोन संच ठेवायला जागा नसेल, तर उच्च क्षमतेचा ऑल-सीझन घ्या. जुलैत थोडी पकड कमी मिळेल. पण नोव्हेंबरात गाडी उलटी फिरणार नाही.

वर्षातून चार-सहा वेळा ट्रॅकवर जाणार असाल, तर २०० ट्रेडवेअरच्या आसपासचा गट आहे, जसा ब्रिजस्टोन पोटेंझा आरई-७१आरएस. त्याच्याही पुढे १०० ट्रेडवेअरचा टोयो प्रॉक्सेस आर८८८आर. हे टायर ट्रॅकसाठी वेगळ्या चाकांवर ठेवा. साध्या उन्हाळी टायरवर ट्रॅकवर गेलात, तर काही फेऱ्यांनंतर रबर जास्त तापून निसटू लागतं. तसं जाणवलं की एक फेरी सावकाश मारा.

आणि काहीही घेतलं तरी चारही टायर एकाच प्रकारचे घ्या. पुढे एक आणि मागे दुसरा, अशी मोडतोड ताकदवान गाडीत सगळ्यात धोक्याची.

नवे दिसणारे जुने टायर

जपून वापरलेल्या स्पोर्ट्स कारच्या बाबतीत एक सापळा असतो. गाडी कमी चालते, त्यामुळे टायरची नक्षी शाबूत राहते. पण रबर हवेतल्या ऑक्सिजनने आणि उष्णतेने कडक होतच असतं. ३० नोव्हेंबर २०१३ रोजी कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारिटा इथे पोर्शे कॅरेरा जीटी या ६०५ अश्वशक्तीच्या गाडीला अपघात झाला आणि अभिनेता पॉल वॉकर आणि गाडी चालवणारा त्याचा मित्र, दोघेही गेले. कारण वेग, असा तपासाचा निष्कर्ष होता. ४५ मैलांची मर्यादा असलेल्या रस्त्यावर गाडी ८० ते ९३ मैल वेगात होती. पण तपास अहवालात आणखी एक नोंद होती: टायर नऊ वर्षांहून जुने होते.

वय ओळखणं सोपं आहे. टायरच्या बाजूवर डीओटी या अक्षरांनंतरच्या संकेताचे शेवटचे चार अंक पाहा. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. वापरलेली गाडी घेताना इंजिनाचा आवाज ऐकण्याआधी हे चार अंक वाचा.

आणि हवा. तापमान साडेपाच अंशांनी उतरलं की दाब साधारण एक पीएसआयने उतरतो. सप्टेंबरात बरोबर भरलेला टायर डिसेंबरात चार-पाच पीएसआय कमी असतो. सकाळी, गाडी हलवण्याआधी, थंड टायरवर मोजा.

मित्राने शेवटी काय केलं? ट्रॅकचे टायर गॅरेजात उबदार कोपऱ्यात रचून ठेवले आणि हिवाळी संच बसवला. डिसेंबरात त्याचा पुन्हा फोन आला. "आता चाकं कमी फिरतात रे. हे तर अर्ध्या किमतीचे आहेत!" मी त्याला विचारलं, बाहेर तापमान किती आहे? या वेळी तो टाळतोय असं म्हणाला नाही. उणे दोन, म्हणाला.